कोड एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायचाय, टूल कुठलं घेऊ? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यात भारी टूल कुठलं ते एकदाच सांगून टाका ना?

असं एक टूल नाहीच आहे. कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत जायचंय त्यावर टूल बदलतं, आणि त्याहून जास्त फरक पडतो तो कन्व्हर्ट झालेला कोड पुढे कोण उघडणार आहे याने. कोड नुसता चालला पाहिजे, आत कुणी हात घालणार नाहीये, तर आउटपुट दिसायला कितीही घाणेरडं असलं तरी काही बिघडत नाही. पण त्याच कोडवर टीम पुढची पाच वर्षं काम करणार असेल, नवीन फीचर टाकणार असेल, तर ते आउटपुट माणसाला वाचता आलंच पाहिजे, आणि तिथे बरीचशी टूल्स गळपटतात. म्हणून टूलची नावं शोधायच्या आधी याचं उत्तर टीममध्ये बसून ठरवा, निम्मी यादी तिथेच गळून पडते.

कन्व्हर्टर, ट्रान्सपायलर, कम्पायलर, सगळं एकच ना?

आतून बऱ्यापैकी सारखंच असतं, म्हणजे कोड वाचायचा, त्याच्या रचनेचं झाड (सिंटॅक्स ट्री) बनवायचं, त्या झाडावरून दुसरा कोड लिहायचा. वापर मात्र वेगळा आहे. बेबल नवीन जावास्क्रिप्टचं जुनं जावास्क्रिप्ट करून देतं, पण तुम्ही ते आउटपुट कधी एडिट करत नाही, खरा सोर्स तुमचाच राहतो. एम्स्क्रिप्टेनचंही तेच, सी किंवा सी प्लस प्लसचा कोड वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या रूपात, नेऊन ब्राउझरमध्ये चालवता येतो आणि मूळ कोड सीमध्येच राहतो. कन्व्हर्टरमध्ये जुना कोड टाकून द्यायचा असतो आणि आउटपुट हाच नवा सोर्स होतो. हे सांगायचं कारण म्हणजे बरेच जण "सीचा कोड जावास्क्रिप्टमध्ये करून देणारं टूल" शोधत बसतात, खरं तर त्यांना तो कोड फक्त ब्राउझरमध्ये चालवायचा असतो, कन्व्हर्ट करायची गरजच नसते.

माझ्या भाषांच्या जोडीसाठी काय काय आहे?

जावातून कोटलिनमध्ये जायचं असेल तर इंटेलिजे आणि अँड्रॉइड स्टुडिओमध्ये कन्व्हर्टर आतच येतो, बाहेर शोधायला जाऊच नका. दोन्ही भाषा एकाच जेव्हीएमवर (जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेवर) चालतात त्यामुळे एक फाइल आज, दुसरी पुढच्या आठवड्यात असं करता येतं, ही फार मोठी सोय आहे. खटकणारी गोष्ट एकच, नलबद्दल (म्हणजे व्हेरिएबलमध्ये काहीच किंमत नसण्याबद्दल) त्याला खात्री नसली की तो जागोजागी दोन उद्गारचिन्हं टाकून ठेवतो, म्हणजे "इथे नल येणार नाही असं धरून चाल", आणि ती प्रत्येक जागा नंतर माणसाने बघायची असते.

व्हीबी डॉट नेट ते सी शार्पसाठी आयसी शार्प कोडचा ओपन सोर्स कन्व्हर्टर आहे, तो मायक्रोसॉफ्टच्या रोझलिनवर बसवलेला आहे, म्हणजे कोड नुसता मजकूर म्हणून न बघता टाइप समजून घेऊन बदलतो. पूर्ण सोल्यूशन द्या, एक एक तुकडा पेस्ट केलात तर त्याला टाइप कळत नाहीत आणि आउटपुट लगेच घसरतं.

जावास्क्रिप्ट ते टाइपस्क्रिप्टसाठी एअरबीएनबीचं टीएस-मायग्रेट आहे, ते प्रोजेक्ट कम्पाइल होण्याच्या अवस्थेत आणून देतं पण त्यासाठी एनी टाइप (म्हणजे "काहीही चालेल") आणि एरर दाबणाऱ्या कमेंट भरभरून टाकतं, म्हणजे खरे टाइप लिहायचं काम शिल्लकच राहतं. जुना कॉफीस्क्रिप्टचा कोड अजून पडून असेल तर त्याचं जावास्क्रिप्ट करायला डिकॅफिनेट आहे.

सी ते रस्टसाठी सीटूरस्ट. हे सी९९ कोड घेतं आणि रस्ट देतं खरं, पण ते रस्ट अनसेफ असतं, म्हणजे कम्पायलरची मेमरीची तपासणी तिथे पूर्ण लागू होत नाही, रॉ पॉइंटर जसेच्या तसे, मॅक्रो उलगडून टाकलेले. रस्टची जी मेमरी सेफ्टी पाहिजे म्हणून लोक हा उद्योग सुरू करतात ती या पायरीवर मिळत नाही, ती पुढे हाताने आणावी लागते, हे आधीच माहीत असू द्या नाहीतर फार निराशा होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये सगळं सी रस्टमध्ये आपोआप नेता यावं म्हणून ट्रॅक्टर नावाचा कार्यक्रम काढला, यावरूनच कळतं की हा प्रश्न अजून सुटलेला नाहीये.

फोरट्रान ७७ ते सी म्हणजे एफटूसी, १९९० च्या आसपास बेल लॅब्जमधून आलेलं. चालतं, पण आउटपुट वाचायला जीवावर येतं. आणि पायथन २ ते ३ साठीचं २टू३ आता पायथनबरोबर येत नाही, ३.१३ मध्ये काढून टाकलं, त्यामुळे जुन्या व्हर्जनच्या पायथनमधून चालवावं लागेल.

ऑनलाइन वेबसाइटवर पेस्ट करून मिळतं ते फ्री कन्व्हर्टर चालेल का?

वीस-तीस ओळींचं एखादं फंक्शन असेल, किंवा नवी भाषा शिकताना "हे तिकडे कसं लिहितात" एवढंच बघायचं असेल तर बिनधास्त. अख्खा प्रोजेक्ट त्यातून न्यायचा विचार सोडून द्या कारण त्याला एका फाइलच्या बाहेरचं काहीच दिसत नाही, दुसऱ्या फाइलमधला क्लास कसा आहे, लायब्ररीचं कुठलं व्हर्जन आहे, काहीच माहीत नसतं. आतून त्यातल्या बऱ्याच साइट्स तुमचा कोड कुठल्यातरी एआय मॉडेलला पाठवतात, त्यामुळे कंपनीचा कोड असेल तर लेखी परवानगी घेतल्याशिवाय टाकू नका. पासवर्ड, एपीआय की, ग्राहकांचा डेटा टेस्ट फाइलमध्ये लपलेला असतो आणि पेस्ट करताना कुणाच्या लक्षात येत नाही.

नियमांवर चालणारं टूल घ्यावं की सरळ चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय वगैरेला द्यावं?

नियमांवालं टूल हट्टी असतं पण इमानदार असतं. तोच इनपुट दिला की तेच आउटपुट, चुकलं तर हजार ठिकाणी एकसारखं चुकतं आणि म्हणून एकदा सापडलं की एकदम सगळीकडे दुरुस्त करता येतं. एआयचं आउटपुट वाचायला छान असतं, नव्या भाषेत माणसाने लिहिल्यासारखं, नावं नीट, लूपच्या जागी त्या भाषेची नेहमीची पद्धत, पण त्याची चूक प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, आणि दिसायला इतकी बरोबर असते की रिव्ह्यू करणारा पुढे निघून जातो. नसलेलं फंक्शन लायब्ररीत आहे असं समजून वापरणं, मोठ्या फाइलमध्ये मधलाच भाग गाळून "बाकीचं असंच" अशी कमेंट टाकणं, जुन्या कोडमधली विचित्र दिसणारी अट चूक समजून परस्पर साफ करून टाकणं, हे सगळं होतं. ती विचित्र अट कुणीतरी दहा वर्षांपूर्वी एका खऱ्या ग्राहकासाठी टाकलेली असते.

माझं मत विचाराल तर जोडीसाठी चांगलं नियमांवालं टूल असेल तर आधी ते चालवा, मग एआयकडून एक एक फंक्शन वाचण्यासारखं करून घ्या, आणि प्रत्येक पायरीनंतर टेस्ट चालवा. आणि अजून एक मार्ग आहे जो लोक फार कमी वापरतात: एआयला कोड कन्व्हर्ट करायला न सांगता कन्व्हर्ट करणारी स्क्रिप्ट लिहायला सांगा. जावास्क्रिप्टसाठी जेएसकोडशिफ्ट, जावासाठी ओपनरीराइट, पायथनसाठी लिबसीएसटी असल्या गोष्टी आहेत, ही टूल्स त्याच भाषेत व्हर्जन किंवा लायब्ररी बदलायला जास्त उपयोगी पडतात, पण जिथे बसतात तिथे एआयचा वेग आणि नियमांची शिस्त दोन्ही पदरात पडतं. स्क्रिप्ट दोनशे ओळींची असते, ती माणूस नीट वाचू शकतो. दोन लाख ओळींचं आउटपुट कोण वाचणार?

कम्पाइल झालं, एकही एरर नाही. म्हणजे झालं ना काम?

नाही हो. याच ठिकाणी सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

-७ ला २ ने भागा. पायथनमध्ये दोन स्लॅशवालं भागणं केलंत तर उत्तर -४, कारण पायथन खालच्या बाजूला जातं. जावा किंवा सीमध्ये पूर्णांकांचा भागाकार -३, कारण ते शून्याच्या बाजूला कापतात. बाकीचंही तसंच, -७ ला ३ ने भागून उरलेली बाकी पायथनमध्ये २ आणि जावामध्ये -१. आता विचार करा, तुमच्या कोडमध्ये आठवड्याचा वार काढायला किंवा गोल फिरणाऱ्या यादीत मागे जायला ही बाकी वापरली असेल, बाकी काढायला दोन्ही भाषांत टक्क्याचं चिन्ह असतं म्हणून कन्व्हर्टरने ते तसंच ठेवलं, सगळं कम्पाइल झालं, आणि आकडा जोवर शून्याच्या वर आहे तोवर सगळं झक्कास चालतं. मग एक दिवस उणे आकडा येतो आणि यादीच्या बाहेरचा इंडेक्स मागितला जातो.

राउंडिंग बघा. २.५ पायथन ३ मध्ये राउंड केलं तर २ येतं, ३.५ केलं तर ४, म्हणजे बरोबर मधला आकडा असला की सम संख्येकडे जातं. जावाचं मॅथ राउंड २.५ चे ३ करतं. व्हीबीमध्ये सीइंट वापरून २.७ चे ३ होतात, सी शार्पमध्ये सरळ इंटमध्ये कास्ट केलं तर २, कारण तिथे कापलं जातं. पैशांच्या हिशोबात हे म्हणजे रोजची भानगड.

मोठे आकडे: जावाचा इंट २१४७४८३६४७ च्या पुढे गेला की गुपचूप उणे होतो, पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, आणि जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ नंतर पूर्णांक अचूक धरण्याची हमी देत नाही. डेटाबेसमधले लांबलचक आयडी इथेच बिघडतात.

स्ट्रिंग: "मराठी" या शब्दाची लांबी पायथन ३, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये ५ येते, गो आणि रस्टमध्ये नेहमीची लेंग्थ विचारली तर १५, कारण त्या यूटीएफ-८ मधले (अक्षरं साठवायच्या पद्धतीतले) बाइट मोजतात, आणि तिथे देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं असतं. इंग्रजी अक्षरांवर टेस्ट केली असेल तर दोन्हीकडे ५ ला ५ येतं आणि कुणाला पत्ताच लागत नाही. नाव २० अक्षरांवर कापायचा कोड असेल तर देवनागरी नाव अक्षराच्या मधोमध तुटतं. म्हणून टेस्ट डेटात देवनागरी आणि इमोजी असलेच पाहिजेत, यावर मी अजिबात तडजोड करणार नाही.

आणि सॉर्ट. जावास्क्रिप्टमध्ये १०, ९, १ अशी यादी काही न सांगता सॉर्ट केली तर १, १०, ९ मिळते कारण ते आकड्यांना अक्षरं समजून लावतं. सी शार्पमध्ये दोन स्ट्रिंगना डबल इक्वल लावलं तर मजकूर तपासला जातो, जावामध्ये दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का ते. यातली एकही गोष्ट कम्पायलर पकडणार नाही.

पण आमच्याकडे टेस्टच नाहीत, आता काय?

मग टूल निवडणं थांबवा आणि आधी हे करा. जुना कोड चालतोय ना, तोच तुमचा पुरावा आहे. खऱ्या वापरातले इनपुट गोळा करा (खाजगी माहिती काढून टाकून), जुन्या कोडला द्या, जे आउटपुट येईल ते फाइलमध्ये जपून ठेवा. ते आउटपुट बरोबर आहे की चूक यावर वाद घालू नका, आत्ता फक्त "जुना काय म्हणतो" एवढंच हवंय. मग नव्या कोडला तेच इनपुट द्या आणि दोन्ही आउटपुट शेजारी ठेवून तुलना करा. रिकामी स्ट्रिंग, शून्य, उणे, फेब्रुवारी २९, फार मोठी फाइल, हे मुद्दाम घाला. जुन्या कोडमधली चूक सापडली तर ती नव्यातही तशीच येऊ द्या आणि नोंद करून ठेवा, कन्व्हर्ट करणं आणि सुधारणं एकाच वेळी सुरू केलं की फरक कशामुळे आला तेच कळेनासं होतं.

हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण हे झालं की कुठलंही टूल निर्धास्तपणे वापरून बघता येतं, आवडलं नाही तर बदलता येतं.

लायब्ररीसुद्धा कन्व्हर्ट होतात का?

साधारणपणे नाही. टूल भाषेचं व्याकरण बदलतं, लायब्ररी तिथेच राहते. नंपायवर (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीवर) उभा असलेला पायथन कोड जावामध्ये नेला तर नंपायच्या जागी काय, हे तुम्हालाच ठरवायचंय. म्हणून पहिल्याच दिवशी वापरातल्या सगळ्या लायब्ररींची यादी काढा आणि समोर नव्या भाषेतली पर्यायी लायब्ररी लिहा. ज्या ओळीसमोर काहीच लिहिता येत नाही तिथे खरा खर्च आहे.

आउटपुट चालतं पण वाचताच येत नाही, जावामध्ये लिहिलेला कोबोल वाटतो.

हे इतकं नेहमीचं आहे की अशा कोडला लोक जोबोल (जावा अधिक कोबोल) म्हणतात. ओळीला ओळ लावून बदललं की जुन्या भाषेची विचार करायची पद्धत तशीच राहते, सगळे व्हेरिएबल ग्लोबल, मोठमोठी फंक्शन, उड्या. कोबोलच्या बाबतीत अजून एक जपा: तिथले पैशांचे आकडे दशांशात अचूक असतात, ते जावाच्या डबलमध्ये टाकलेत तर ०.१ अधिक ०.२ चे ०.३०००००००००००००००४ होतात, जावाचा अचूक दशांशाचा टाइप बिगडेसिमल वापरणारं टूल नसेल तर ते टूल बाद.

वाचण्यासारखं करायचं काम नंतर करावंच लागतं आणि त्याचा वेळ प्लॅनमध्ये धरायचा असतो. गो भाषेच्या टीमने आपला स्वतःचा कम्पायलर सीमधून गोमध्ये टूल वापरून नेला, तो गो १.५ म्हणून ऑगस्ट २०१५ मध्ये बाहेर पडला, आणि त्याच्या रिलीज नोट्समध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं की बिल्ड साधारण दुप्पट हळू होतील कारण आपोआप झालेला कोड गोच्या पद्धतीचा नाहीये. पुढच्या व्हर्जनमध्ये त्यांनी तो हळूहळू सुधारला. भाषा बनवणाऱ्यांनाच हे करावं लागलं तर आपल्यालाही लागणारच.

मग स्वतःचं टूल लिहिणं हा वेडेपणा आहे का?

नाही, आणि गोचंच उदाहरण घ्या, त्यांनी जगातलं सगळं सी बदलणारं टूल लिहायचा घाट घातला नाही, फक्त त्यांच्या एका कम्पायलरच्या कोडपुरतं लिहिलं. तुमच्या कोडमध्ये ठराविक पद्धती पुन्हा पुन्हा येत असतील, काही लाख ओळी असतील, तर असं छोटं टूल परवडतं. दहा हजार ओळींसाठी नको, तेवढ्या वेळात हाताने होईल.

एकदम सगळं करू की थोडं थोडं?

दोन्ही भाषा शेजारी नांदू शकत असतील तर थोडं थोडंच. जावा-कोटलिन, जावास्क्रिप्ट-टाइपस्क्रिप्ट, सी-रस्ट इथे ते जमतं. जिथे जमत नाही तिथे सर्व्हिस वेगळी काढून एपीआयवरून बोलता येतं का ते बघा. एकदम सगळं करायचं ठरवलंत तर मधल्या काळात जुन्या कोडमध्ये नवीन बदल बंद ठेवावे लागतात आणि वरचे लोक ते फार दिवस ऐकून घेत नाहीत.

कमेंट आणि गिटची हिस्टरी टिकते का?

कमेंटचं टूलवर आहे, ट्रायल घेताना मुद्दाम तपासा. हिस्टरीसाठी एक साधी युक्ती: आधी फक्त फाइलचं नाव बदलून एक कमिट करा, मग आतला कोड बदलून दुसरं कमिट. एकत्र केलं तर गिटला ती नवीनच फाइल वाटते आणि कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते हरवतं. इंटेलिजेमध्ये जावा ते कोटलिन करताना हे वेगळं कमिट करायचा पर्यायच दिलेला आहे.

दुसऱ्याचा ओपन सोर्स कोड कन्व्हर्ट केला तर तो माझा होतो का?

होत नाही. भाषा बदलली तरी मूळ लायसन्स चिकटूनच येतं, जीपीएल (बदललेला कोडही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणारं लायसन्स) असेल तर जीपीएलच. मूळ लेखकांची नोंद फाइलच्या वरून उडालेली नाही ना ते बघा, काही टूल्स वरची कमेंट सरळ गाळतात.

कन्व्हर्ट केल्यावर स्पीड वाढेल ना?

वाढू शकतो, पण टूल चालवलं म्हणून वाढत नाही. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्टचा कम्पायलर गोमध्ये नेत असल्याचं जाहीर केलं, व्हीएस कोडचा कोड तपासायला आधी ७७.८ सेकंद लागायचे ते ७.५ वर आले. त्यांनी गो निवडताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती की जुन्या कोडची रचना गोमध्ये जवळपास तशीच ठेवता येते. म्हणजे भाषा निवडतानाच कन्व्हर्ट करणं किती सोपं जाईल याचा विचार झाला होता, आणि हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

कन्व्हर्ट न करता भागेल का?

पुष्कळदा भागतं. फोरट्रानचा जुना गणिताचा कोड पायथनमधून वापरायचाय तर एफटूपाय आहे, सी प्लस प्लससाठी पायबाइंड११, सीच्या लायब्ररीसाठी सीटाइप्स, जावातून सी बोलवायला जेएनआय. वीस वर्षं न चुकता चाललेला कोड, ज्यात कुणाला बदल करायचा नाहीये, त्याला वरून एक पातळ कवच घाला आणि सोडून द्या.

ट्रायल कशी घ्यायची?

प्रोजेक्टमधली सगळ्यात सोपी फाइल घेऊ नका, डेमोमध्ये तीच दाखवतात. तारखा, पैसे, फाइल वाचणं, थ्रेड, दोन-तीन बाहेरच्या लायब्ररी असलेली, टीममध्ये जिला कुणी हात लावायला तयार नसतं अशी तीनेकशे ओळींची फाइल घ्या आणि दोन-तीन टूल्समधून काढा. किती टक्के ओळी कन्व्हर्ट झाल्या हा आकडा टूलवाले सांगतात, त्याकडे दुर्लक्ष करा. टूल चालवल्यापासून जुन्या आउटपुटशी जुळेपर्यंत माणसाचे किती तास गेले ते मोजा. ज्याला काही जमलं नाही तिथे ते टूल काय करतं तेही बघा, स्पष्ट एरर किंवा कमेंट टाकून थांबणारं टूल चांगलं, गुपचूप काहीतरी अंदाजे लिहून पुढे जाणारं टूल नंतर निस्तरायला महाग पडतं. शेवटी ज्याने मूळ कोड लिहिलेला नाही अशा एकाला आउटपुट वाचायला द्या आणि त्यात एक छोटा बदल करायला सांगा.

जुना कोड डिलीट कधी करायचा?

दोन्ही काही काळ शेजारी चालवा, खरा इनपुट दोघांना द्या, उत्तर जुन्याचंच वापरा आणि फरक लॉग करा. महिनाअखेर, वर्षअखेर अशी कामं कोडमध्ये असतील तर ती एकदा तरी नव्यावरून जाऊ द्या. त्यानंतर उत्तर नव्याचं घ्यायला लागा, जुना बंद करा, पण रिपॉझिटरीत टॅग लावून ठेवा आणि तो बिल्ड करायला लागणारं कम्पायलरचं व्हर्जनसुद्धा कुठेतरी लिहून ठेवा, नुसता सोर्स असून भागत नाही.